म्हाताऱ्याची बटणे

31 डिसेंबरची दुपार झाली की आमच्या वसईच्या घरी बाबांची लगबग पाहण्यासारखी असे. भाताचा पेंढा, सुतळी, फाटका सदरा, जुनी विजार असा सरंजाम ओटीवर मांडून ते नातवंडांना हाका मारीत. त्यातून ‘म्हातारा’ उभा राही. सरत्या वर्षाचे हे बुजगावणे मध्यरात्री जाळायचे, ही आमच्याकडची जुनी गंमत. म्हातारे गावात अनेक होत. पण आमच्या म्हाताऱ्याला कपडे लागत ते बाबांचेच. “घरातला म्हातारा मी, मग दुसऱ्याचे कपडे कशाला?” असे म्हणत ते तोंडात न पेटवलेली विडी धरून त्याच्या शेजारी निश्चल बसत. तिन्हीसांजेला येणाऱ्याजाणाऱ्यास दोन्ही बुजगावणीच वाटत. तो अगदी जवळ आला की त्यांतले एक हात पुढे करून त्याच्याकडे काडेपेटी मागे!

बाबांचे आयुष्य मात्र गमतीचे नव्हते. थोडी बागायत, एक विहीर आणि खाणारी तोंडे आठ. पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन ते मुंबई गाठीत आणि परतल्यावर वाडीला पाणी लावीत. पुढे नव्या इमारतींसाठी टँकर आमच्या भागातल्या विहिरी उपसू लागले. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, पानवेली जळाल्या. त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, “चला, आता मीठ विकत आणायला नको!” आम्ही मुले हसलो. आई तेवढी हसली नाही. ‘हरित वसई’च्या मोर्चाला बाबा गेले तेव्हा त्यांना इतके गप्प मी प्रथमच पाहिले.

मी शिक्षक झालो आणि मला बाबांच्या विनोदांचा संकोच वाटू लागला. पाहुण्यांसमोर त्यांनी काही बोलायला तोंड उघडले की मी विषय बदलीत असे.

आई देवाघरी गेली. सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर घर माणसांनी भरले होते. एवढ्यात परसातल्या फणसाखालून मुलांच्या हसण्याचा आवाज आला. पाहतो तो मध्यभागी बाबा! माझा तोल गेला. सर्वांदेखत मी म्हणालो, “बाबा, निदान आज तरी! प्रत्येक गोष्टीला वेळ असते, असे पवित्र शास्त्रच सांगते.” बाबांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर दिले नाही. सावकाश उठून ते विहिरीकडे चालू लागले. त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी थट्टा केली नाही, आणि आपण त्यांना योग्य धडा दिला, असे मला वाटत राहिले.

त्या हसण्याचा उलगडा मला बाबा गेल्यावर झाला. ते 2017 च्या नोव्हेंबरात गेले. एके संध्याकाळी जपमाळेनंतर मुलगी म्हणाली, “पप्पा, त्या दिवशी धाकटा रडत होता. मातीत आजीला थंडी वाजेल का, असे त्याने विचारले. आजोबा म्हणाले, ‘वेड्या, तुझी आजी मातीत राहील होय? तिने आत्तापर्यंत स्वर्गाच्या दारात संत पेत्राला बाजूला सारले असेल आणि चूल कुठे आहे, म्हणून विचारले असेल.’ तेव्हा तो हसला.” मी काही बोलू शकलो नाही. नातवाचे रडे थांबविणाऱ्या त्या माणसाला मी वेळ शिकवीत होतो! त्या सात दिवसांत बाबांना कुणी विचारले नव्हते, की तुम्ही कसे आहात. मीही नाही.

त्या वर्षी म्हातारा करण्याचे कुणाच्याच मनात नव्हते. पण पेंढ्यासाठी माळ्यावर चढलेल्या मुलाच्या हाती एक गाठोडे लागले. आत बाबांचा निळा सदरा व विजार होती, वर चिठ्ठी: “म्हाताऱ्यासाठी. बटणे काढून घ्यावीत, चांगली आहेत.” सगळे घर हसले, आणि हसता हसता सगळ्यांचे डोळे भरून आले.

म्हातारा तयार झाला. त्याच्या शेजारची जागा मात्र रिकामी होती. मुले माझ्याकडे पाहू लागली. वयाची पन्नाशी ओलांडलेला, गावात ‘सर’ म्हणून ओळखला जाणारा मी, न पेटवलेली विडी तोंडात धरून तेथे बसलो. तिन्हीसांजेला शेजारचे काका आले. मी हात पुढे करून काडेपेटी मागितली. ते दचकले, मोठ्याने हसले आणि मग माझा हात हातात धरून बराच वेळ तसेच उभे राहिले.

मध्यरात्री चर्चची घंटा वाजली आणि निळा सदरा पेटला. त्याची पाच बटणे आईच्या जपमाळेच्या डबीत आहेत. संध्याकाळी जपमाळ काढताना ती खुळखुळतात. प्रार्थनेच्या वेळी हसू येते. मी ते आता आवरीत नाही.