एक्स्टर्नल पडद्यावर

बीडीएसच्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला खरी धावपळ असते ती पेशंटसाठी. कवळीच्या केसला बोळक्या तोंडाचे आजोबा शोधावे लागतात, आणि ते सकाळच्या एसटीने वेळेत उतरले की निम्मी परीक्षा तिथेच पार पडते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत एसटीच थांबली. नांदेड काय, लातूर काय, दोन्हीकडची दंत महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालची. दात कोरण्याचा एअरोटर फिरला की लाळेचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात, त्यामुळे दंतवैद्याची खुर्ची मोठ्या जोखमीची ठरली. शिकवणं मोबाइलवर गेलं आणि मागोमाग प्रश्न उभा राहिला: हाताची परीक्षा पडद्यावर घ्यायची कशी?

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये 'ऑस्की' ही परीक्षापद्धत मांडली होती. प्रत्येक टेबलावर ठरलेलं काम, ठरलेला वेळ, सगळ्यांना एकच गुणतक्ता. जून २०२० मध्ये अमेरिकेत दंतपरवान्यासाठी तिचा संगणकावरचा अवतारही आला. त्यात दातांची त्रिमितीय प्रारूपं फिरवून निदान करायचं.

निदानाचं बरंचसं काम पडद्यावर जमतं, हे मान्य करायला हवं. किनवट तालुक्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. त्या भागातल्या दातांचा फोटो दाखवून डीन यांच्या निर्देशांकानुसार प्रतवारी विचारता येते. मात्र फ्लॅशची चकाकी पांढऱ्या डागाची हुबेहूब नक्कल करते, आणि ओल्या दातावर फिका डाग लपतो. म्हणून मुरलेला परीक्षक उत्तर ऐकण्याआधी विचारतो, "फोटो काढण्यापूर्वी दात सुकवला होता का?" या एका प्रश्नावर पाठांतर आणि समज वेगळी होतात.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड न उघडणारे पेशंट येतच राहतात. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. फोटोत पट्टी धरली तर तेही दिसतं. गालाच्या आतला पांढरटपणाही दिसतो. पण त्याखालचे ताठ पट्टे बोटाने चाचपल्याशिवाय कळत नाहीत, आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या, परीक्षकाचं बोट नाशिकहून किंवा पुण्याहून तिथे पोहोचत नाही.

टायपोडॉन्टवरच्या, म्हणजे सरावाच्या कृत्रिम दातांवरच्या, कॅव्हिटीची गंमत वेगळीच. तिचा मोठा केलेला फोटो पाहिला की फँटम हेडवर, म्हणजे ते दात बसवलेल्या नकली डोक्यावर, वाकून जो खडबडीत काठ सुटला असता, तो पडद्यावर उघडा पडतो. खोली मात्र वरून घेतलेल्या फोटोत कळतच नाही. अमाल्गमसाठी ती साधारण दीड ते दोन मिलिमीटर हवी, तेव्हा खुणांचा प्रोब आत ठेवून बाजूने दुसरा फोटो मागावा लागतो. शिवाय एक कॅमेरा फक्त हाताकडे हवा. अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली आहे की हवेत लोंबते आहे, यावर पुढच्या पेशंटची जीभ सुरक्षित राहणार की नाही ते ठरतं. लाइट गेली किंवा रेंज तुटली तर गुण कापू नयेत, हा नियम परीक्षेआधीच लिहून ठेवलेला बरा.

दात काढताना मात्र कॅमेरा हात टेकतो. फोर्सेप्सच्या पकडीत दात किती सैल झाला, पुढचा जोर कुठल्या दिशेला द्यायचा, हे विद्यार्थ्याच्या मनगटाला कळतं आणि शेजारी उभ्या परीक्षकाला त्याच्या खांद्यावरून.

राष्ट्रीय दंत आयोगाच्या २०२३ च्या कायद्यात शेवटच्या वर्षासाठी 'नेक्स्ट' परीक्षेची तरतूद आहे. तिचा आराखडा ठरवणाऱ्यांनी केस हिस्ट्री, एक्स-रेचं वाचन आणि व्हायवा खुशाल पडद्यावर घ्यावा. हाताचे गुण मात्र खुर्चीशेजारी उभं राहूनच द्यावेत.