वाघाच्या मावशीचं बिऱ्हाड

मे महिन्यात घरातली सगळ्यात गार फरशी कोणती, हे हुडकून काढण्यात मांजराचा हात कोणी धरणार नाही. आमची मनी सकाळी देवघरापुढच्या कोटा फरशीवर पसरलेली असते. ऊन चढलं की न्हाणीच्या उंबऱ्याशी सरकते आणि दुपारी कूलर लावला की वाळ्याच्या जाळीसमोर, झोताच्या मधोमध ठिय्या देते. मागे बसलेल्या माणसांना जी काय हवा मिळते, ती मनीला वळसा घालून येते. बालाघाटचा उन्हाळा माणसाला शहाणपण शिकवतो म्हणतात. मांजर ते जन्मतःच घेऊन येतं.

थंडीत हीच बाई इन्व्हर्टरवर. वैनगंगेवरून धुकं वर येतं, शालींना कपाटातून हवा मिळते आणि मनी त्या कोमट पेटीवर चारही पाय पोटाखाली दुमडून बसते. वीज गेली की इन्व्हर्टर कामाला लागतो आणि अंमळ जास्त तापतो. आम्ही मालिका ऐन रंगात बंद पडली म्हणून हळहळत असताना मनी डोळे अर्धे मिटून घुरघुरू लागते. घरात भारनियमनाची वाट पाहणारा जीव तो एकच.

घरातलं दुसरं मांजर म्हणजे चिन्नोर. तो आला तांदळाच्या पोत्यांसोबत, वारासिवनीकडून, टेम्पोत बसून. पोती उतरवली तेव्हा दोन पोत्यांच्या सांदीत केशरी रंगाचं मूठभर काहीतरी फिसकारत होतं. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तांदळाचा वास घरभर दरवळत असताना दुसरं नाव सुचणार तरी कसं? केशरी मांजर बहुधा बोकाच निघतं आणि मनीसारखं तिरंगी बहुधा भाटी, कारण त्या केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं असतं. चिन्नोरला याचं काही नाही. तो आजही तांदळाच्या पोत्यांवर निजतो आणि उंदीर पोत्यांखालून जातात. दोघांचं आपसात ठरलेलं दिसतं.

आमच्या गल्लीत निम्मी घरं हिंदी बोलतात, निम्मी मराठी, आणि दारावर आलेला भाजीवाला एका वाक्यात दोन्ही. मांजराच्या नात्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. शेजारच्या भाभी मनीला ‘मौसी’ म्हणतात, आमची आई ‘वाघाची मावशी’. गोष्टही दोन्ही भाषांत तीच आहे: मावशीने भाच्याला दबा धरणं शिकवलं, झेप शिकवली, पंजा मारणं शिकवलं. सगळं शिकून झाल्यावर भाचा मावशीवरच उलटला, तेव्हा मावशी झाडावर. चढणं तेवढं तिने शिकवलं नव्हतं. गोष्ट इथे संपते. पुढचा भाग आम्ही परसातल्या आंब्यावर पाहतो. मांजराच्या नख्या मागे वळलेल्या असल्यामुळे चढताना त्या खोडात पकडतात आणि डोकं खाली करून उतरताना काही कामाच्या राहत नाहीत. चिन्नोर सरसर शेंड्याजवळ जातो आणि तिथून गल्ली गोळा होईल असा टाहो फोडतो. मग शिडी येते, शिडी धरायला दोघे येतात आणि भाभी खालून म्हणतात, “मौसीजी, अब उतर भी आओ.” बोक्याला मौसीजी म्हटलेलं कोणाला खटकत नाही. भाच्याला चढणं शिकवलं नाही हे मावशीचं धोरण असेल. उतरणं तिचं स्वतःचंच शिकायचं राहिलं.

या जिल्ह्याला मावशीचं कौतुक असायला कारण आहे, कारण भाचा खरोखर इथलाच. कान्हा राष्ट्रीय उद्यान 1955 चं, व्याघ्रप्रकल्प 1973 पासूनचा, आणि त्याचं मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पुढे. पाहुणे आले की त्यांना मुक्कीला न्यावंच लागतं. पहाटेच्या काळोखात शाली पांघरून जिप्सीत बसायचं, धुळीत गाईडने दाखवलेला पंजाचा ठसा पाहून श्वास रोखायचा, सालीवरचे ओरखडे पाहायचे, सांबराने हाक दिली की माना वळवायच्या. वाघ दिसला तर दिसला. नाहीतर बारशिंगे पाहून परतायचं आणि “तसं जंगलच सुंदर आहे हो,” असं एकमेकांना सांगायचं.

आणि घरी येऊन पाहावं तर काय? सोफ्याच्या हातावर तेच ओरखडे. जंगलात झाडावर उमटले की ते वाघाच्या हद्दीची खूण ठरतात. दिवाणखान्यात उमटले की नुकसान. गाल घासून गंध ठेवणं वाघही करतो, मनीही करते. तिच्या हद्दीत दाराची चौकट, आईची काठी आणि माझी पोटरी येते. वाघ एखादा वास हुंगून ओठ मागे खेचतो, दात दाखवतो आणि टाळूतल्या खास इंद्रियाकडे तो वास पोचवतो. त्या क्षणाचा फोटो मिळावा म्हणून लोक महागडे कॅमेरे घेऊन येतात. चिन्नोर हेच माझ्या मोज्यांपाशी करतो, तोंड उघडंच ठेवून, घोर अपमान झाल्यासारखा. 2013 साली वाघाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा तो घरच्या मांजराशी 95.6 टक्के जुळतो असं दिसलं. उरलेल्यात आकार, पट्टे आणि पाण्याची आवड एवढंच बसत असावं. आई हे ऐकून म्हणाली, “वाघ बरा मग. सोफा तरी नाही फाडत.”

शिकार पाहायची तर संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. पाल भिंतीवर असते, मनी जमिनीवर. पोट फरशीला टेकलेलं, कान पुढे, मागचे पाय जागच्या जागी चुळबुळतात, शेपटीचं टोक तेवढं हलतं. घरातली माणसं नकळत आवाज खाली आणतात. झेप! पाल फोटोच्या मागे, शेपटी खाली. ती तुटकी शेपटी फरशीवर वळवळते आणि मनी तिच्यापुढे बसून राहते, पंजाने उलथते, वास घेते, पुन्हा उलथते. आपण काहीतरी जिंकलंय पण नेमकं काय, हा पेच तिच्या तोंडावर स्पष्ट दिसतो. पाल फोटोमागून डोकं काढून बघत असते. आजोबांचा तो फोटो त्यामुळे कायम तिरका.

मांजर आडवं गेलं की आमच्या रस्त्यावर आजही स्कूटर थांबतात. दुसरा कोणी आधी पुढे जाईल म्हणून माणसं उगीच आरसा नीट करत उभी राहतात. ज्याच्या घरात दोन मांजरं आहेत त्याने काय करावं? आम्हाला तर स्वयंपाकघरात जाताना मांजर आडवं जातं, हातात गरम भात असताना हटकून. अपशकुन मानायचे ठरवले तर जेवायलाच बसता येणार नाही.

वाघ डरकाळी फोडतो. मांजराला ते जमत नाही. उलट मांजरासारखी अखंड घुरघुर वाघाला साधत नाही. या वाटणीत मला मावशीचाच वाटा मोठा वाटतो. रात्री पांघरुणावर चढून मनी पुढचे दोन पंजे आळीपाळीने दाबू लागते, कणीक तिंबावी तशी. आईचं दूध पिताना पिल्लं असंच करतात, ती सवय मोठेपणीही सुटत नाही. मनीला स्वतःला पिल्लं होऊन गेली, पण पांघरूण दिसलं की ती पुन्हा कोणाची तरी लेक होते. घुरघुर सुरू होते, छातीतून निघून थेट गादीत उतरते. नख्या लोकरीत अडकतात, पाय हलवायची सोय नाही, कूस बदलली तर ती रागाने बघते. झोप येते मात्र.

मुक्कीला जरूर या. पण जंगलाचे दरवाजे जुलै ते सप्टेंबर बंद असतात आणि बुधवारी दुपारी सफारी नसते. मावशीचं बिऱ्हाड बारा महिने उघडं आहे, ओळखीच्या कोणाच्याही घरी बसा, दिसेल. फक्त येताना मावशीसाठी म्हणून दूध आणू नका. गोष्टीतली मांजरं कितीही दूध पीत असली तरी मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, आणि फरशी पुसावी लागते आम्हाला. मासळी चालेल.