गॅलरीतली भूत मिरची

गडहिंग्लज,
महाशिवरात्र

चि. अमोल,

राजारामपुरीच्या गॅलरीत तू भूत जोलोकिया लावणार आहेस, हे वहिनींकडून कळलं. त्यांनी डोक्याला हात लावलाय. मी म्हणतो, लाव. तिखटाचा दबदबा आपल्या कोल्हापूरचा असला, तरी आपल्या चटणीत ब्याडगी असते रंगाला आणि संकेश्वरी चवीला. पांढऱ्या रश्श्यात तर लाल तिखट नसतंच. खरी जहाल मिरची म्हणजे ही आसाम-नागालँडची भूत जोलोकिया. 2007 साली गिनीज बुकात ती जगात सर्वांत तिखट ठरली, तिखटपणाच्या मापात दहा लाखांवर स्कोव्हिल. पुढे दुसऱ्या मिरच्यांनी तिला मागं टाकलं; 2023 पासून पेपर एक्स पुढं आहे, 26 लाख 93 हजारांवर. तू त्या शर्यतीत पडू नकोस.

वेळ मात्र बरोबर साधलीस. आत्ता बी टाकलंस तर पावसाआधी रोप अंग धरेल. आपली लवंगी आठ-दहा दिवसांत वर येते. भूत जोलोकियाला दोन ते चार आठवडेसुद्धा लागतात. तेवढ्यात माती उकरून बी बघत बसू नकोस. उबदार जागा आणि नुसता ओलावा, बास. चार-सहा पानं आली की बारा-चौदा इंची कुंडीत हलव. माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट घाल, बुडाला भोकं मोकळी ठेव.

नवशिक्याची झाडं तहानेनं कमी आणि लाडानं जास्त मरतात. बोट दोन पेरं मातीत घाल. कोरडं लागलं तरच पाणी. आणि जूनमध्ये झड लागली की कुंडी सरळ सज्जाखाली घे. कोल्हापूरचा पाऊस आठ-आठ दिवस उघडीप देत नाही, मुळं कुजायला तेवढं पुरतं. युरियाचा मोह टाळ, नाहीतर नुसता पाला माजेल. कडक उन्हाच्या तापात फुलं गळतील, त्याला घाबरू नकोस. दुपारी सावली कर.

रोज पान उलटं करून बघत जा. शेंड्याची पानं आकसून वाकडी झाली की समज, बोकड्या आला. फुलकिडे, कोळी नाहीतर पांढरी माशी, यांतलं कुणीतरी मागं असतं. सुरुवातीलाच निंबोळी तेल संध्याकाळी फवार. रोप पुरतं आकसलं असेल तर उपटून टाक, शेजारच्या कुंड्या तरी वाचतील.

बुलबुल पिकलेल्या मिरच्या खुशाल गिळतील. पाखरांना तिखट लागतच नाही, त्यामुळे जाळी लाव.

आता हातांची गोष्ट. लोक बियांना दोष देतात, पण खरा जाळ असतो बिया धरणाऱ्या पांढऱ्या गराला. चिरताना रबरी हातमोजे घाल, डोळ्याला हात लावू नकोस. हाताला लागलीच तर आधी गोडं तेल चोळ, मग साबण. तोंड पोळलं तर पाण्यानं भागत नाही. दूध नाहीतर दही घे.

पहिल्या वर्षी जोलोकियाचं एकच रोप लाव, सोबत दोन लवंगीची, म्हणजे हात बसेल. आणि एक सांगतो, सुकवलेली भूत मिरची वहिनींच्या ब्याडगीच्या डब्यात चुकूनही मिसळू देऊ नकोस. बरणी वेगळी ठेव, वर मोठ्या अक्षरात नाव लिही.

तुझा,
काका