डोळे सारखे, हात वेगळे

चित्रे दाखवत कथा गाण्याच्या चित्रकथी परंपरेतील चित्र पाहणारा प्रेक्षक सुरुवातीला गोंधळतो, कारण तो सवयीने चेहऱ्यावर भाव शोधू लागतो आणि तिथे राजा, सेवक, राक्षस अशा सर्वांचे जवळपास सारखेच टपोरे डोळे त्याच्याकडे पाहत असतात. पैठण शैली म्हणून ओळखली जाणारी ही चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. त्यांतील चेहरे बहुधा एकचश्मी, म्हणजे एका बाजूने दिसणारे असतात, तरीही डोळा समोरून पाहिल्यासारखा पूर्ण काढलेला असतो. असे शैलीकरण, म्हणजे निसर्गातले रूप ठरावीक आकारांत बांधून घेणे, हा हाताचा कच्चेपणा मानला जातो. हा समज चुकीचा आहे.

या शैलीने नाते सांगण्याचे काम चेहऱ्याकडून काढून हातांकडे, आकृतींच्या आकाराकडे आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे सोपवलेले असते. याची खात्री नक्कल करताना पटते. समोरासमोरच्या दोन आकृती उतरवून घेताना बुबुळ थोडे सरकले तरी प्रसंग फारसा बदलत नाही. पण उचललेली तर्जनी मिटून तळहात उघडा केला, की आज्ञेची विनवणी होते, आणि दोघांमधले अंतर अर्ध्यावर आणले, की दरबारातले बोलणे कानगोष्टीसारखे वाटू लागते. लहान काढलेला सेवक दूर उभा नसतो. त्याचा दर्जा तेवढा असतो. एकाच दिशेला पाहणाऱ्या, एकमेकींना किंचित झाकणाऱ्या दोन आकृती मात्र एका पक्षाच्या असतात, हे नाव न सांगताही कळते.

मनोवस्थेचे तसे नाही, कारण ही चित्रे भिंतीवर एकटी पाहण्यासाठी नव्हती. सुट्या पानांचा संच, ज्याला पोथी म्हणतात, समोर ठेवून कथेकरी एकेक पान दाखवत गात असे. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने वीणा, टाळ आणि हुडूक या वाद्यांच्या साथीने ही कला जपली आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथातही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. त्याच टपोऱ्या डोळ्यात कधी करुणा, कधी क्रोध भरण्याचे काम गाणाऱ्याच्या आवाजाचे होते, म्हणून काचेमागचे एकटे पान पाहून नात्यांविषयी ठामपणे बोलता येते, मनोवस्थेविषयी मात्र जपूनच बोलावे लागते.

चित्रकला शिकणाऱ्या, पुण्याच्या बिबवेवाडीतील विद्यार्थ्याला स्वारगेटवरून बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात सहज जाता येते. त्याने तिथे जाताना पेन्सिल आणि कोरी वही सोबत न्यावी, आणि चित्रकथीचे पान समोर आले, की चेहऱ्याआधी हात उतरवून घ्यावेत.