पाट्याचं खुरपं

आमच्याकडं भांगलणीला येणाऱ्या बायका स्वतःचं खुरपं घेऊन येतात. बागेतलं दिलं तर हातात धरून बघतात आणि बाजूला ठेवतात. यात हट्ट नाही. एका मुठीला सरावलेल्या मनगटाला दुसरं वजन मानवत नाही, दुपारपर्यंत तळव्याला फोड येतो. मीही बागकामाला जाताना माझीच पिशवी नेतो. बंगल्यांत ठेवलेली रंगीत मुठीची हत्यारं बहुधा पत्रा कापून केलेली असतात. पावसानं उघडीप दिली आणि काळी माती चिवट झाली की ती मानेत वाकतात.

माझं खुरपं ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं आहे. भार झेलून पुन्हा सरळ व्हायचा गुण त्या पोलादात असतो, म्हणून लोहार त्याच्या मागं असतात. पण नुसतं पोलाद चांगलं असून भागत नाही, त्याला पाणी नीट द्यावं लागतं. पातं भट्टीत लाल झालं की लोहार फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवतो. धार कडक होते, पण त्या घडीला ती काचेसारखी ठिसूळ असते. मग तो वरची काळी पापुद्री घासून काढतो आणि बघत बसतो. मागच्या भागातली धग हळूहळू धारेकडं सरकते. उघड्या धातूवर आधी फिकट पिवळा, मग तांबूस, जांभळा, शेवटी निळा रंग चढत येतो. कुठल्या रंगावर पुन्हा पाण्यात घालायचं, हीच सगळी विद्या. पिवळ्यावर थांबवलं तर धार टिकते, पण पन्हाळ्याकडच्या जांभ्याच्या खड्यावर आपटली की दाते पडतात. निळ्यावर गेलं तर तुटत नाही, पण लवकर बोथटतं. म्हणून जाणता लोहार आधी विचारतो, रान काळं का तांबडं?

हरळी काढताना या कामाची किंमत कळते. तिचं एक कांडं मातीत राहिलं तरी फुटतं. चांगलं खुरपं खालून सरकवलं की टोकाला मुळी लागलेली मुठीत समजते. तिथं जोर न लावता वळसा घालायचा, माती सैल करायची, मग अख्खी वेल हाताला येते. बोथट पात्यानं मुळी चेचून तुटते आणि एकाच्या चार जागी हरळी उगवते. गुलाबाच्या छाटणीचंही तेच. बोथट कात्रीनं काडी चिरडली की तिथून ती वाळत खाली येते.

जुन्या लोखंडाला मातीच्या कामाला लावणं कोल्हापूरला नवं नाही. लोखंडी नांगरानं जमीन नासते, अशी भीती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांना होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर त्यापायी पडून राहिले. १९१० साली त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांना नांगरांसाठी दिल्या. 

पाट्याचं खुरपं महाग पडतं, हे खरं. पण झिजलं की लोहाराकडून शेवटून, म्हणजे धार पुन्हा ठोकून, आणता येतं, पुन्हा नव्यासारखं चालतं. पत्र्याचं वाकलं की भंगारात. दांडा बाभळीचा असावा, आणि पावसाळ्याआधी त्याला जवसाचं तेल चोळावं. मी तरी चुकवत नाही.

मी ज्यांच्याकडून हत्यारं करून घेतो, त्यांचा मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत जातो. सुट्टीच्या दिवशी बापासमोर घण मारायला उभा राहतो. रंग ओळखायला अजून शिकतोय. त्यानं एकट्यानं पाणी दिलेला पहिला विळा मी मागून घेतला आणि पावसाळाभर कर्दळीच्या वाफ्यात चालवला. धारेला एकही दाता पडलेला नाही. टोकाकडं मात्र तो जरा मऊ राहिलाय. पुढच्या खेपेला तिथं थोडा आधी पाण्यात घाल, असं त्याला सांगणार आहे.