पिंगळ्यांची भांडणं

पिंगळ्याचा फोटो मिळणं अवघड नाही. जेमतेम वीतभर, 21 सेंटिमीटरचा हा पक्षी. गावातल्या चिंचेत, वडात, पडक्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकात राहतो. माणसांच्या वावराला सरावलेला असतो. थंडीत सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो आणि पांढऱ्या भुवयांखालच्या पिवळ्या डोळ्यांनी थेट आपल्याकडे रोखून बघतो. तेवढा फोटो झाला की बहुतेक जण सामान आवरतात. मी थांबतो, कारण मला त्यांची भांडणं हवी असतात.

त्यासाठी उन्हाळ्याची सुरुवात चांगली, ढोलीत पिल्लं असतात तेव्हाची. मादी तीन-चार अंडी घालते, पण एका दिवसात नाही. आणि पहिल्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते. त्यामुळे पिल्लं मागंपुढं निघतात. थोरल्याला पिसं फुटलेली असतात तेव्हा धाकटं अजून लवेतच असतं. ढोलीला तोंड एकच. जो तोंडाशी, त्याला घास आधी. धाकटं मागून खांद्याखाली डोकं खुपसतं, थोरलं पंख फुगवून दार अडवतं, मधलं दोघांच्या पाठीवर चढतं. तेवढ्यात आई नाकतोडा घेऊन येते आणि जे तोंड पुढं दिसेल त्यात तो कोंबून निघून जाते. वाटणीचा न्याय करायला ती थांबत नाही.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवते ती पोट भरल्यानंतरची भांडाभांडी. ढोलीबाहेर पडून फांदीवर बसायला लागलेली पिल्लं वाळक्या पानावर झडप घालतात. सालीचा तुकडा पंजात धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. एक जण भावंडाच्या शेपटीचं पीस चोचीत पकडून ओढतो. दुसरा वळून चोच उघडतो, पंजा उगारतो, पण बोटं आवळत नाही. नख लागत नाही. थोड्या वेळानं तीच दोघं एकमेकांच्या मानेची पिसं विंचरत बसलेली दिसतात. याला खेळ म्हणायला काही जाणकार कचरतात. मी कचरत नाही. काही आठवड्यांनी याच पंजांना उंदीर आणि पाली पकडायच्या आहेत. ती तालीम इथं चालली आहे, आणि ती आवडीनं चालली आहे, हे बघणाऱ्याला कळतं.

भांडण सुरू झाल्यावर बटण दाबलं तर फोटोत फक्त उडालेली धूळ येते. ते सुरू होण्याआधीच ओळखावं लागतं. घुबडाचे डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, बुबुळं आपल्यासारखी फिरत नाहीत. म्हणून अंतराचा अंदाज घ्यायला ते डोकंच वरखाली आणि डावीउजवीकडे हलवतं. पिल्लू दूरच्या किड्याकडे बघून असं डुलत असेल तर बोट सैल ठेवावं. तेच डुलणं शेजारच्या भावंडाकडे बघून सुरू झालं की तयार राहावं.

मग अडचण येते ती उजेडाची. पिंगळे खरे रंगात येतात ते दिवस मावळल्यावर. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं तरी चालून जातं; झटापटीला हजारावा भाग लागतो, आणि तेवढा उजेड त्या वेळी उरलेलाच नसतो. फ्लॅश मी वापरत नाही. अंधाराला उघडलेल्या त्या डोळ्यांवर लखकन प्रकाश मारायचा मला हक्क आहे असं वाटत नाही. त्यामुळे ऊन कलल्यापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळात जे भांडण होईल ते माझं, बाकीचं डोळ्यांनी बघायचं.

दुसरी गोष्ट मोबाइलवर आवाज वाजवण्याची. पिंगळ्याची किलबिलाटी हाक लावली की हद्दीचा मालक तरातरा समोर येतो, फुगतो, ओरडतो. फोटो जोरदार मिळतो, पण त्यातलं भांडण खोटं असतं. नसलेल्या शत्रूसाठी त्या पक्ष्यानं पिल्लांचा घास सोडलेला असतो. अभ्यासकांची गोष्ट वेगळी. पिंगळ्याचा जंगलातला भाऊबंद, रानपिंगळा, 1884 नंतर कुणाला सापडला नव्हता; तो 1997च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या सातपुड्यात दिसला. त्यानंतर मेळघाटसारख्या जंगलांत त्याचा माग काढायला हाक वाजवण्याचा उपयोग झाला. ते जपून, मोजून केलेलं काम. एका फोटोसाठी रोज कुणीतरी येऊन तेच करू लागलं तर ती जोडी ढोली सोडून जाऊ शकते.

आणि जागा सांगायची नाही. घुबडांना 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तरी दिवाळीच्या सुमारास करणीच्या नावाखाली त्यांना पकडणारे, मारणारे आजही आहेत. फोटो लोकांपुढे ठेवण्याआधी त्यातली ठिकाणाची नोंद मी काढून टाकतो. गावाचंही नाव लिहीत नाही.

फोटोंचे छापील संच मात्र मी ज्यांच्या बांधावर मी बघतो ती ढोलीची चिंच आहे त्यांना नेऊन देतो. त्या घरातल्या आजींना भांडणाचे फोटो फार आवडतात. कोण थोरला, कोण धाकटा हे त्या माझ्याआधी सांगतात. ढोलीची फांदी वाळलेली आहे, सरपणाला दोन-तीन दिवस सहज पुरेल. यंदा ती तोडायची नाही, असं त्यांनी घरात सांगून ठेवलं आहे.