पालथ्या घड्यावर पाणी

शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव काहीही असलं, तरी आमच्या गणिताच्या मास्तरांनी मला 'पालथा घडा' हेच नाव ठेवलं होतं. त्रैराशिक तीनदा समजावून झालं, की ते खडू खाली ठेवत, हात झटकत आणि साऱ्या वर्गाला उद्देशून म्हणत, "पालथ्या घड्यावर पाणी!" पुढे हा घडा बी. कॉम. झाला, बँकेत चिकटला आणि गेली बावीस वर्षं लोकांचे पैसे मोजतो आहे, हे मास्तरांना ठाऊक नाही. असतं, तर त्यांचं खातं त्यांनी आधीच दुसरीकडे हलवलं असतं. पण पालथ्या घड्यावर पाणी टाकण्यातही काही अर्थ असतो, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका शेतात कळलं. तिथवर पोचायला मात्र बऱ्याच धुरातून जावं लागलं.

सुरुवात चिरंजिवांनी केली. ते ठाण्याला घोडबंदर रोडवर मित्राच्या वाढदिवसाला गेले आणि 'बार्बेक्यू' खाऊन आले. त्यानंतर आठ दिवस त्यांना घरची पोळी गोड लागेना. नवव्या दिवशी डोंबिवलीच्या आमच्या दाराशी एक खोका येऊन पडला. आत लोखंडी पेटी, चार पाय, एक जाळी आणि सहा सळ्या. खोक्यावर ॲप्रन घातलेला एक गोरा गृहस्थ, जन्मात कधी हप्ता भरावा लागला नसावा असा हसत होता.

"शेगडी आहे ही," हिनं एका वाक्यात निकाल दिला.

मी ती गॅलरीत पेटवावी असा विचार मांडला. हिनं तो हाणून पाडला, आणि नंतर वाचल्यावर कळलं, की बरोबर केलं. कोळशाचा वायू बंद जागेत साठला तर त्याला वास नसतो, आणि माणूस झोपल्या जागी जातो. म्हणून गच्ची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीपासून लांब, वाळत घातलेल्या पापडांपासून त्याहून लांब आणि एक बादली पाणी जवळ ठेवून, अशी तीन अटींवर परवानगी दिली.

पहिला प्रयोग असा झाला. कोळशावर मी भरपूर रॉकेल ओतलं. भडका उडाला. भडका दिसताच मला वाटलं, काम झालं. लगेच पनीरचे तुकडे सळ्यांना टोचून त्यावर धरले. पाच मिनिटांत ते बाहेरून आमच्या कोळशासारखे आणि आतून आमच्या फ्रिजसारखे झाले. चवीला रॉकेल. चिरंजीव एक तुकडा खाऊन म्हणाले, "बाबा, तिकडे असं नव्हतं." ही काहीच म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

आईनं एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "चांगलं आहे."

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माहेर रोह्याकडचं. पन्नास वर्षांत तिच्या हातून कुणाचाही पदार्थ पास झाला नव्हता. हिच्या आमटीला तर लग्न झाल्यापासून ती नापास करत आली. कधी मीठ, कधी चिंच, कधी नुसतंच "हं." तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि तेव्हापासून आईला सगळं चांगलं लागायला लागलं. करपलेली भाकरी चांगली. विसरून दोनदा मीठ पडलेली उसळ चांगली. दोन घास खायचे, "चांगलं आहे" म्हणायचं आणि ताट सारायचं. एके रात्री ही मला म्हणाली, "अहो, आई आता नावं ठेवत नाहीत हो." ज्या गोष्टीसाठी तिनं वीस वर्षं देवाला साकडं घातलं होतं, ती घडली, तर हिची झोप उडाली.

तर त्या दिवशी आई तशीच धुरात उभी राहिली. खोकत नाही, हलत नाही. मग कुणाशीच न बोलल्यासारखं म्हणाली, "रोह्याला पोपटीचे दिवस आले असतील."

मी ते ऐकलं, पण तेव्हा माझं लक्ष शेगडीत होतं. माणूस एकदा हरला, की त्याला जिंकल्याशिवाय सुचत नाही.

माझे गुरू मला घराखालीच भेटले. इस्त्रीवाला. मी दुसऱ्यांदा त्याच्याकडे कोळसा मागायला गेलो तेव्हा त्यानं कारण विचारलं आणि कपाळावर हात मारला. "साहेब, ज्वाळेवर मी कधी इस्त्री भरतो का? तुमचा शर्ट राहील का? कोळसा लाल होऊ द्या, वर पांढरी राख धरू द्या. मग काम चालू." म्हणजे ज्वाळा हे उत्पन्न नव्हे, ती नुसती उलाढाल. निखारा हे खरं भांडवल. भडक्यावर भाजणं म्हणजे मुदत ठेव मुदतीआधी मोडणं, दंड भरावाच लागतो. आणि रॉकेल नकोच. कागदाचे बोळे, नारळाची करवंटी, वर कोळसा, आणि अर्धा तास धीर.

दुसरा धडा मी पेटीशी झगडून शिकलो. निखारे सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू मोकळी. ढिगावर रंग आणायचा आणि मग मोकळ्या बाजूला सरकवून आत शिजू द्यायचं. चालू खातं आणि बचत खातं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. लाकडी काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, नाहीतर जेवणाआधी काड्याच जळतात. दही फडक्यात बांधून घट्ट करायचं. त्यात आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ, चमचाभर भाजलेलं बेसन आणि थोडं तेल. पातळ दही निखाऱ्यावर गळतं आणि पनीर नागडं राहतं. तुकडा जाळीला चिकटला तर ओढायचा नाही. खालची बाजू नीट भाजली की तो आपण होऊन सुटतो. (हे आमच्या शाखेतल्या थकीत कर्जदारांनाही लागू पडलं असतं तर!) कोंबडी असेल तर हाडाजवळ गुलाबी दिसता कामा नये. पुस्तकवाले आत ७४ अंश सेल्सियस झालं पाहिजे म्हणतात. कणसं सालीसकट भिजवून ठेवावीत. भरताचं वांगं मात्र थेट निखाऱ्यावर. ते सगळे नियम मोडून चांगलं होतं.

तिसऱ्या रविवारी पनीर जमलं. चिरंजीव तीन सळ्या खाऊन म्हणाले, "तिकडच्यापेक्षा भारी." आई म्हणाली, "चांगलं आहे." आणि ताट सारलं.

तेव्हा मला पोपटी आठवली.

आमच्या शाखेतले हेडकॅशिअर आगरी समाजातले. त्यांचं गाव कल्याण-शीळ रस्त्याला आत. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांच्या गावाभोवती आता वीस-पंचवीस मजली इमारती उभ्या आहेत, पण एक शेत त्यांनी अजून विकलेलं नाही. मी पोपटीचं विचारल्यावर त्यांनी मोजत असलेली गड्डी खाली ठेवली. पुन्हा मोजावी लागली, तरी ठेवली. "पोपटी लावाची आसते, साहेब. आईंना घेऊन या. मडकं तेवढं तुम्ही आना."

मडकं मी ठाण्याला जांभळी नाक्यावर घेतलं. टिचकी मारून, आवाज ऐकून. ते दोन्ही हातांत धरून सातच्या सुमारास डोंबिवलीला जाणाऱ्या लोकलमध्ये चढलो आणि बावीस वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं. लोक बाजूला झाले. एका गृहस्थांनी उठून मला खिडकी दिली आणि हळूच विचारलं, "कोण?"

"आईसाठी..." मी सुरुवात केली.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"सुटल्या," ते म्हणाले. डब्यात शांतता पसरली. मी खुलासा करणार होतो, पण खिडकी जाईल म्हणून गप्प बसलो. देव मला क्षमा करो.

रविवारी दुपारनंतर आम्ही शेतात पोचलो. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि थंडीत त्याला शेंगा धरतात. त्याच दिवसांत बांधांवर भांबुर्डीचा पाला आपोआप उगवतो. उग्र वासाचा, बाजारात न मिळणारा. पोपटी या दोघांच्या भेटीवर उभी असते. दादांनी मडक्याच्या तळाशी पाला घातला. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, कांदे, काही अंडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी गच्च पाला. पाण्याचा एक थेंब नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा, त्याचीच वाफ. चिरंजिवांसाठी दुसऱ्या मडक्यात केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी. मग दोन्ही मडकी उपडी ठेवली, भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा रचला आणि काडी लावली.

मी म्हणालो, "दादा, आधी निखारे होऊ द्यायला हवेत ना?" माझं शिक्षण नुकतंच झालेलं.

"इथं मडकंच मधी हाय, साहेब. जाळ लागतो त्याला लागतो, शेंगेला नाय."

चिरंजिवांनी तेवढ्यात मोबाईलवर वाचून माहिती दिली, की त्यांची ती झाकणाची गोल भट्टी शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थानं १९५२ साली काढली. तो कामाला होता त्या कारखान्यात समुद्रात तरंगणारे लोखंडी बोये व्हायचे. त्यानं एक बोया आडवा कापला, खालच्या अर्ध्यात कोळसे घातले आणि वरचा अर्धा झाकण म्हणून उपडा ठेवला. "म्हणजे त्यानंही भांडं पालथं घातलं," आई म्हणाली. इतकं लांब वाक्य तिनं बऱ्याच दिवसांनी बोललं होतं.

पाऊण तास गेला. जाळ बसला. दादांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. "मारा पानी."

"कशावर?"

"मडक्यावर. लगेच सुकलं तर झाली."

मी बोटं बुडवली आणि पालथ्या घड्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब ओघळायच्या आत नाहीसे झाले. मला मास्तर आठवले. त्यांचा घडा बहुधा पुरेसा तापला नव्हता.

मडकं काठीनं सरकवून, ओल्या गोणपाटानं धरून उलटं केलं. पाला काढला तशी ओव्याची वाफ अंगावर आली. आईनं एक शेंग उचलली, या हातातून त्या हातात केली आणि दातांतून ओढली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, वार्षिक तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरकडे बघावं तसे.

"मीठ कमी आहे," आई म्हणाली.

कुणी बोललं नाही.

"ओवा हातावर चोळून नाही घातलात. आणि हे बटाटे किती मोठे? याला मधे चीर द्यायला नको?" असं म्हणत तिनं दुसरी शेंग घेतली, मग तिसरी. पुढची वीस मिनिटं ती दादांच्या पोपटीला नावं ठेवत होती आणि शेंगांचा ढीग संपवत होती. दादा "हो आई, हो आई" करत तिच्या पुढ्यात रताळी सोलून ठेवत होते. ही पदरानं डोळे पुसत "धूर फार आहे" म्हणाली. जाळ केव्हाच विझला होता.

रात्री पोट भरलेलं होतं, म्हणून हिनं नुसता आमटी-भात केला. आईनं पहिला भुरका मारला.

"चिंच जास्त झाली गं."

ही इतकी खूश झाली, की तिनं आईंना न विचारताच आणखी एक वाटी वाढली.